सस्पेन्सचा भाग संपल्यावर: दिसलं काय, सांगितलं काय, जुळवलं काय

(आधीच सांगून ठेवते: खाली 'डॅलस', 'ट्विन पीक्स', 'लॉस्ट', 'शेरलॉक', 'वेस्टवर्ल्ड' आणि 'लाइन ऑफ ड्यूटी' या मालिकांमधली रहस्यं उघड केली आहेत. यातली कुठली बघायची राहिली असेल तर आधी ती बघा, मग इकडे या.)

भाग संपला. शेवटच्या दोन सेकंदांत दार उघडलं, आत कोण उभं आहे ते दिसायच्या आत पडदा काळा झाला आणि ग्रुपवर मेसेज कोसळायला लागले. "मी कधीचं सांगतोय, डॉक्टरच आहे!" "शक्यच नाही, खून झाला तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता." "तिच्या बोटातली अंगठी कुणी बघितली का? मागच्या भागात नव्हती."

कुठल्याही चांगल्या सस्पेन्स भागानंतर हे तीन प्रकारचे मेसेज येतातच. पहिला नुसता कौल आहे. दुसऱ्यात पुरावा असल्यासारखा वाटतो, पण जरा खोदलं की बहुतेक वेळा असं निघतं की डॉक्टरला हॉस्पिटलमध्ये आपण बघितलेलंच नाही, तो स्वतः तसं म्हणाला होता. तिसरा मेसेज सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच गोंधळात वाहून जातो.

रहस्य-मालिकेतली माहिती आपल्यापर्यंत तीन वाटांनी येते. काही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडतात. काही कुणीतरी सांगतं. आणि काही आपण मनातल्या मनात जुळवतो. दिसलेलं, सांगितलेलं, जुळवलेलं. ज्यांचे अंदाज वारंवार बरोबर येतात त्यांच्याकडे बघितलं तर एक सवय हमखास सापडते: हे तीन ढीग ते एकमेकांत मिसळू देत नाहीत. बाकीच्या सगळ्या युक्त्या यानंतरच्या.

सांगितलेलं ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. पात्र बोललं की ते सांगितलेलं, मग ते पोलीस अधिकाऱ्याने फाइल वाचून का सांगितलं असेना. फसगत होते ती फ्लॅशबॅकमध्ये. पात्राच्या चेहऱ्यावरून कॅमेरा भूतकाळात गेला की पुढचं सगळं आपण डोळ्यांनी बघितलं असं वाटतं. प्रत्यक्षात तो त्या पात्राचा जबाब असतो, फक्त चित्रांमध्ये मांडलेला. म्हणून वहीत लिहिताना असा फ्लॅशबॅक 'दिसलं' या रकान्यात घालायचा नाही. ज्याच्या चेहऱ्यावरून तो सुरू झाला त्याचं नाव लिहून 'सांगितलं'मध्ये घालायचा. या एका नियमाने निम्मे संशयित पुन्हा जिवंत होतात.

जुळवलेलं मात्र फार फसवं, कारण जुळवणारे आपणच असतो. एक माणूस मान वर करतो, कट, एक दार बंद होतं. आपण ठरवून टाकतो की त्याने ते दार बंद होताना बघितलं. दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरात घडलेले असू शकतात. प्रेक्षक शेजारशेजारच्या चित्रांमधून आपणहून अर्थ तयार करतो, हे लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने 1920च्या आसपासच दाखवून दिलं होतं. सस्पेन्सचा संकलक आजही त्यावरच पोट भरतो.

'वेस्टवर्ल्ड'चा पहिला सीझन याचा उत्तम नमुना आहे. 2 ऑक्टोबर 2016ला मालिका सुरू झाली. यंत्रमानवांनी भरलेल्या एका करमणुकीच्या पार्कात विल्यम नावाचा भिडस्त तरुण येतो आणि त्याच पार्कात काळ्या कपड्यातला एक क्रूर म्हातारा फिरत असतो. दृश्यं आलटून पालटून येतात, म्हणून हे सगळं एकाच काळात चाललंय असं आपण धरून चालतो. कुणीही तसं सांगितलेलं नसतं. पण काही चाहत्यांनी दुसऱ्याच भागानंतर पार्कचं बोधचिन्ह दोन ठिकाणी दोन प्रकारचं असल्याचं पकडलं आणि हे दोन वेगळे काळ आहेत, तरुण आणि म्हातारा एकच आहे, असं लिहून टाकलं. 4 डिसेंबरच्या शेवटच्या भागात तेच निघालं. बोधचिन्ह दिसलेलं होतं, एक काळ जुळवलेला होता. त्यांनी दिसलेल्यावर भरवसा ठेवला.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. भाग संपल्याबरोबर फोनला हात लावण्याआधी पाच मिनिटं स्वतःचं काय ते लिहून काढा: कुणावर संशय आहे, कुठल्या क्षणी काहीतरी खटकलं, काय समजलं नाही. इतरांचे मेसेज एकदा वाचले की तुमची खटकण्याची जागा पुसली जाते आणि जी थिअरी सगळ्यात मोठ्याने मांडली गेली तीच तुमची होऊन बसते. पाच-सात ओळी पुरतात.

मग दुसऱ्यांदा बघणं. पहिल्यांदा बघताना थांबवायचं नाही, गोष्टीची मजा घ्यायची. दुसऱ्यांदा मात्र वही घेऊन बसायचं आणि चार रकाने आखायचे: वेळ (मिनिट आणि सेकंद), कोण कुठे आहे, हे कशावरून कळलं (दि, सां, जु), आणि वस्तू-कपडे. पाऊण तासाच्या भागाला असं करायला दीड-दोन तास जातात. सगळा भाग करायचा कंटाळा आला तर पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं तरी करा. लेखक पेरणी सुरुवातीला करतात, कारण तेव्हा आपण अजून सावरून बसत असतो.

खटकलेली दृश्यं तिसऱ्यांदा दोन प्रकारे बघण्यासारखी असतात. एकदा आवाज पूर्ण बंद करून. संवाद गेले की कॅमेरा कुठे रेंगाळतो ते स्पष्ट दिसतं. बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्यावर जास्त वेळ राहिला असेल तर त्या ऐकणाऱ्याची नोंद करा. मग डोळे मिटून नुसता आवाज, शक्यतो हेडफोनवर. मागे चाललेली घोषणा, रेडिओवरची बातमी, वरच्या मजल्यावरची पावलं टीव्हीच्या स्पीकरवर संवादांखाली दबून जातात. अजून एक गोष्ट कानांनीच कळते. पात्राची पाठ आहे किंवा चेहरा चौकटीबाहेर आहे आणि त्याच वेळी एखादं माहितीचं वाक्य येतं, तेव्हा ते वाक्य चित्रीकरणानंतर डबिंगमध्ये घातलेलं असण्याची बरीच शक्यता असते. ओठ दिसत नाहीत म्हणून ते घालता येतं. मुद्दाम नंतर घातलं म्हणजे त्याच्याशिवाय गोष्ट लंगडी पडत होती. अशी वाक्यं जपून ठेवा.

चित्र थांबवून बघायचं तर तेही नीट बघायला हवं. एका सेकंदात साधारण 24 किंवा 25 फ्रेम असतात, त्यामुळे नुसतं 'पॉज' दाबून हवी ती फ्रेम सापडणं नशिबावर आहे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे आणि पूर्णविरामाची दाबली की एक फ्रेम पुढे जातं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई'ची कळ एकेक फ्रेम पुढे नेते. बऱ्याच स्ट्रीमिंग ॲपवर स्क्रीनशॉट काळा येतो, ती कॉपीपासून बचावाची सोय आहे, तुमचा फोन बिघडलेला नसतो. मोबाइलवर डेटा सेव्हर चालू असेल तर तो आधी बंद करा. टीव्हीवर वीज वाचवण्याचा मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. पहिल्यामुळे अंधारातला तपशील जातो, दुसरी दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घुसडते. त्या बनावट फ्रेमवर थिअरी उभी करणं म्हणजे वाळूवर घर बांधणं.

अंधाऱ्या कोपऱ्यातला चेहरा हा तर चाहत्यांचा जुना रोग आहे. व्हिडिओ दाबून लहान करताना गडद भागातला तपशील सगळ्यात आधी कापला जातो, तिथे चौकोनी डाग तयार होतात, आणि माणसाच्या मेंदूला दोन डाग आणि एक रेघ मिळाली की चेहरा दिसतोच. तपासायची पद्धत सोपी आहे. ज्या फ्रेममध्ये चेहरा दिसला तिच्या आठ-दहा फ्रेम मागे आणि तितक्याच पुढे जा. खरा माणूस असेल तर कॅमेरा हलल्यावर तो भिंतीच्या तुलनेत थोडा सरकतो आणि सलग दिसत राहतो. डाग असेल तर तो एका फ्रेममध्ये असतो, पुढच्यात आकार बदलतो किंवा एकदम नाहीसा होतो. दर्जा वाढवून बघितल्यावर चेहरा पुसट होत असेल तर तो चेहरा नव्हताच.

थांबवून बघण्याचं चीज होतं ते अशा ठिकाणी: विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट'च्या दुसऱ्या सीझनमध्ये, 29 मार्च 2006च्या भागात, जांभळ्या प्रकाशात एका पोलादी दारावर हाताने काढलेला नकाशा काही क्षण दिसतो. पात्राला तो धड वाचताही येत नाही. चाहत्यांनी त्या फ्रेम काढून त्यावरची लॅटिन वाक्यं, बाण, खुणा सगळं उतरवून काढलं. तिथे कष्ट वाया गेले नाहीत, कारण निर्मात्यांनी ते वाचलं जावं म्हणूनच लिहिलं होतं.

मग धागा कुठला आणि चूक कुठली? ही गल्लत सगळ्यात जास्त होते. दृश्यं पटकथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एका जागेवरची सगळी दृश्यं एकत्र उरकली जातात आणि एकाच दृश्याचे वेगवेगळ्या कोनांतले शॉट तासातासाच्या अंतराने घेतले जातात. म्हणून अर्धा कप चहा पुढच्या शॉटमध्ये पूर्ण भरतो, केसांची बट कानामागून पुढे येते, भिंतीवरचं घड्याळ मागे जातं. सेटवर कंटिन्युइटी सांभाळणारी व्यक्ती असते, तरी निसटायचं ते निसटतंच. चहा, केस आणि भिंतीवरचं घड्याळ यांवर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

त्या अंगठीसारखी वस्तू खरंच धागा आहे का, हे तीन गोष्टींवरून बऱ्यापैकी ठरतं. तिला स्वतंत्र क्लोजअप मिळालाय का? नुसत्या वस्तूचा शॉट वेगळा लावावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि सेटवर उगाच वेळ कुणी घालवत नाही. ती वस्तू दुसऱ्या भागात पुन्हा आली का? आणि एखाद्या पात्राची नजर तिच्याकडे गेली का? तीनपैकी दोन उत्तरं 'हो' असतील तर धागा धरा. एकही नसेल तर नोंद ठेवा, पण त्यावर भांडू नका.

याला एक जबरदस्त अपवाद आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'ट्विन पीक्स'च्या पायलट, म्हणजे अगदी पहिल्या, भागाचं चित्रीकरण चालू असताना खून झालेल्या लॉराच्या आईच्या एका दृश्यात मागच्या आरशात फ्रँक सिल्व्हा चुकून दिसला. तो सेटची सजावट करणाऱ्यांपैकी एक होता. दिग्दर्शक डेव्हिड लिंचने तो शॉट टाकून दिला नाही; सिल्व्हालाच 'बॉब' हे दुष्ट पात्र करून टाकलं. लॉराचा खुनी नोव्हेंबर 1990मध्ये उघड झाला तेव्हा त्या बॉबशिवाय उलगडा होणंच शक्य नव्हतं. म्हणजे चुकीचासुद्धा धागा होऊ शकतो. पण असं क्वचित होतं, आणि कुठली चूक धागा होणार हे बाहेरून कळायला मार्ग नसतो.

मालिकेच्या बाहेरून मिळणाऱ्या गोष्टींबद्दल थोडंसं. 'मागील भागात' हा रिकॅप भरपूर बोलतो: पाच भागांपूर्वीचा एखादा किरकोळ संवाद आज अचानक त्यात आला तर तो धागा आज लागणार. ज्यांना धक्का हवा आहे त्यांनी रिकॅप वगळावा, ज्यांना कोडं सोडवायचं आहे त्यांनी तो दोनदा बघावा. पुढच्या भागाचा प्रोमो मात्र सगळ्यात कमकुवत पुरावा. त्यात एका दृश्यातला संवाद दुसऱ्याच दृश्यातल्या चेहऱ्यावर बेधडक चढवलेला असतो, हेतूच मुळी हुरहूर लावण्याचा. ओळखीचा, नावाजलेला कलाकार दोन मिनिटांच्या भूमिकेत दिसला की संशय घेणं रास्त आहे. फक्त ते वहीत वेगळ्या पानावर लिहा, कारण तो गोष्टीतला पुरावा नाही. सबटायटल्सही घात करतात. पडद्यामागून आलेल्या अनोळखी आवाजापुढे कंसात थेट नावच छापलेलं असतं. आणि मराठी-हिंदी डबिंगमध्ये फोनवरची गूढ व्यक्ती 'येतो' म्हणाली की 'येते', यावरून अर्धं कोडं तिथेच फुटतं. मूळ भाषेत ते झाकलेलं असू शकतं, म्हणून फोनच्या दृश्यांना मूळ आवाज लावून बघा.

थिअरी लिहायची तर दोन ओळींत. पहिली ओळ: काय घडलं असं तुम्हाला वाटतं. दुसरी: काय दिसलं तर तुमची थिअरी खोटी ठरेल. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर ती थिअरी नव्हे, नुसती इच्छा आहे. 'सगळं स्वप्न होतं', 'ते सगळे मेलेलेच आहेत' या थिअऱ्या म्हणूनच कधी मरत नाहीत. काहीही दाखवलं तरी त्यात बसतं. 'लॉस्ट'च्या बाबतीत तर 23 मे 2010च्या शेवटच्या भागात नावं सरकताना विमानाच्या अवशेषांची रिकामी दृश्यं दाखवली गेली आणि असंख्य लोकांनी त्यावरून 'सगळे पहिल्याच दिवशी मेले होते' असा निष्कर्ष काढला. ती दृश्यं वाहिनीने प्रेक्षकांना जरा सावरायला वेळ मिळावा म्हणून जोडली होती, गोष्टीचा भाग नव्हती. शिवाय त्याच भागात एका पात्राने जे घडलं ते खरंच घडलं असं स्वच्छ सांगितलं होतं. तरी तो गैरसमज आजही सापडतो. जुळवलेलं किती चिवट असतं बघा.

ग्रुपमध्ये खेळायचं असेल तर प्रत्येकाने तीन संशयितांना मिळून शंभर गुण वाटायचे, पुढचा भाग सुरू होण्याआधी पाठवायचे, नंतर बदल नाही. 60-30-10 असं लिहिलेलं असलं की उलगडा झाल्यावर "मी म्हटलंच होतं"ला जागा उरत नाही. दर भागाला गुण नव्याने वाटा. सगळ्यांचा कौल एका भागात एकदम एकाच माणसाकडे वळला, तर लेखकाने तुम्हाला तिकडे ढकललं का, हे तपासायची ती वेळ.

एकत्र पण वेगवेगळ्या घरी बसून बघणाऱ्यांचा एक नेहमीचा घोटाळा असतो. थेट प्रक्षेपण टीव्हीवर आधी पोचतं, ॲपवर काही सेकंद उशिरा. टीव्हीवाला ओरडतो आणि ॲपवाल्याचा सस्पेन्स मरतो. ठरलेल्या वेळेनंतर थोडं थांबून सगळ्यांनी ॲपवरच, एकाच मिनिट-सेकंदावर आणून 'तीन-दोन-एक' करून सुरू करा, आणि जाहिराती येत असतील तर प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा जुळवा. नाहीतर दृश्य संपेपर्यंत कुणी लिहायचं नाही, एवढा नियम पुरे.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांची काळजी घेणं मला थिअरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजची पहिली ओळ दिसते, म्हणून पहिल्या ओळीत फक्त मालिका आणि भागाचा क्रमांक लिहा, मजकूर बराच खाली. टेलिग्रामवर आणि डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा घातल्या की तो झाकला जातो. स्वतःला वाचवायचं असेल तर शब्द म्यूट करताना पात्राचं नाव, कलाकाराचं नाव आणि मालिकेचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये अशा दोन्ही लिपींत घाला. एका लिपीत म्यूट केलेला शब्द दुसऱ्या लिपीत बिनधास्त समोर येतो. व्हिडिओच्या सूचीतली छोटी चित्रं हा सगळ्यात मोठा धोका, त्यावर म्यूटचा काही इलाज चालत नाही. त्या दिवशी तिकडे जायचंच नाही.

आणि खलनायकाचं काम करणाऱ्या माणसाला त्याच्या खात्यावर जाऊन शिव्या घालू नयेत. कित्येकदा त्या कलाकारालाही शेवट ठाऊक नसतो. 'डॅलस'मध्ये जे. आर. या मुख्य पात्रावर गोळी कुणी झाडली हे 21 मार्च 1980पासून 21 नोव्हेंबर 1980पर्यंत गुप्त ठेवायचं होतं, तेव्हा वेगवेगळ्या कलाकारांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं होतं, म्हणजे आतल्यांनाही नक्की कळू नये.

उलगडा झाल्यावर वही पुन्हा काढायची आणि मालिकेचा हिशोब करायचा: खुनी ओळखायला लागणारी माहिती आपल्याला दाखवली होती का, की शेवटी फक्त सांगितली? 'शेरलॉक'मध्ये 15 जानेवारी 2012च्या भागात शेरलॉक छपरावरून पडतो. त्याचा मित्र जॉन याला त्याने एका ठरावीक जागी उभं केलं होतं, आधी प्रयोगशाळेत तो एक रबरी चेंडू आपटत बसला होता, हे सगळं दिसलेलं होतं आणि चाहत्यांनी ते हेरलंही होतं. तो वाचला कसा, याचं उत्तर 1 जानेवारी 2014ला आलं ते मात्र शेरलॉकच्या तोंडून, एका पात्राला सांगितलेलं, आणि ऐकणाऱ्यालाच ते पुरतं पटत नाही. माझ्या वहीत ते आजही 'सां' आहे.

'लाइन ऑफ ड्यूटी'चं याच्या उलट. 2 मे 2021च्या शेवटच्या भागात गुन्हेगार टोळीचा गुप्त सूत्रधार म्हणून बकेल्स हा सामान्य, ढिला पोलीस अधिकारी निघाला तेव्हा बरेच प्रेक्षक नाराज झाले. त्यांना कुणीतरी भारदस्त हवा होता. पण तो ज्यावरून सापडला ती खूण बघा. 'डेफिनेटली' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'आय'च्या जागी 'ए'. अनोळखी सूत्रधाराच्या मेसेजमध्ये ही चूक 2019च्या सीझनमध्येच पडद्यावर होती, वाचता येईल अशी, आणि बकेल्स हे पात्र 2012च्या पहिल्या सीझनपासून मालिकेत होतं. हा शेवट आवडला नाही तर जरूर म्हणा, पण तो अन्यायाचा नव्हता. त्यातली खूण दोन वर्षं आधीच 'दि'च्या रकान्यात बसलेली होती.